लहानूजी आणि एमजीचे मागचे शॉकअप

शॉक ॲब्सॉर्बर हा शब्द नागपुरात फक्त कागदावर लिहितात. तोंडाने सगळे शॉकअपच म्हणतात. एकोणऐंशी साली तिथल्या इंदोरा वस्तीत कुणी शॉकअपचं नाव काढलं, की पानठेल्यावरचा माणूस पुढचं काही न विचारता लहानूजी ढोक्यांच्या टिनाच्या शेडकडे बोट दाखवायचा. लहानूजींना हे माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं नाटक करण्याइतका खोटा विनय त्यांच्यापाशी नव्हता. "इंजिनचं मले इचारू नका," ते गिऱ्हाइकाला सांगत. "इंजिनवाले शंभर पडले हायेत. पण गाडी गचके देत असन तं माह्याकडं या. दुसरीकडं जाऊन मंग येण्यापक्षा आधीच या."

बुटका, रुंद खांद्यांचा, पन्नाशीला टेकलेला माणूस. गाडीखाली शिरतानाही अंगात पांढरा शर्ट असायचा, आणि बाहेर आल्यावर त्यावर डाग सापडला तर तो दिवस वाईट गेला असं ते समजत. बावीस वर्षं त्यांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बसगाड्यांचे स्प्रिंगचे पाटे आणि शॉकअप केले होते. तिथे भैयाजी नावाचे त्यांचे उस्ताद होते. या भैयाजींनी आपल्या हाताखालच्यांना एक रिवाज घालून दिला होता: शॉकअप ज्याने केले, त्याने पहिल्या फेरीला बसच्या अगदी मागच्या सीटवर बसून जायचं. मधल्या सीटवर बसून गाडी कुणालाही चांगली वाटते. मागच्या चाकाच्याही मागे बसलं की कंबर खरं काय ते सांगते. लहानूजी असे बसून उमरेडला गेले, काटोलला गेले, रामटेकला तर किती वेळा गेले याचा हिशेबच नाही. कधीकधी परतल्यावर न बोलता गाडी पुन्हा वर्कशॉपमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घ्यायचे आणि केलेलं काम स्वतःच्या हाताने उकलायचे. वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव झालं ते यामुळे.

आता एमजीबद्दल.

धरमपेठेत मधुसूदन पाठक नावाचे वकील राहत. हायकोर्टात चांगली वकिली, सहासष्ट वय, शिडशिडीत बांधा, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्याकडे बावन्न सालची हिरवी एमजी होती. मँगनीजच्या खाणीवरचा एक इंग्रज मॅनेजर देश सोडून जाताना ती त्यांना देऊन गेला होता. दोन सीटांची, कापडी टपाची, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी स्पोर्ट्स कार. लाल दिव्यापाशी उभी राहिली की सायकलवालेसुद्धा वरून वाकून वकिलांकडे पाहायचे. दर रविवारी सकाळी वकीलसाहेब तिला घेऊन निघत आणि दोन तासांनी वीस वर्षांनी लहान होऊन परतत. त्यांच्या पत्नी सिंधूताई लग्नानंतर दोनदा त्या गाडीत बसल्या होत्या. दोन्ही वेळा अंबाड्याची वाट लागली, तेव्हापासून त्यांनी गाडीला कोपरापासून नमस्कार केला. डावी सीट रिकामीच असायची. वकीलसाहेब तिच्यावर कोट ठेवत.

पाठक घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं. पारशिवनीच्या पुढच्या निमटोला गावाची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, त्यांची होती. मालगुजारी एक्कावन्न साली गेली, आणि वकीलसाहेबांना तिची हळहळही नव्हती. लहानूजी त्याच निमटोल्याचे. त्यांचे वडील सोनबा गावचे कोतवाल. मालगुजारांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, रामटेकला निघाली की सोनबा काठी घेऊन तिच्यापुढे धावायचे, सहा कोस जाताना आणि सहा कोस येताना. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा लहानूजी सत्तावीस वर्षांचे होते. पांढरे कपडे घालून आईवडिलांना मधे घेऊन ते मैदानात उभे राहिले होते, आणि त्या दिवशी मागचं सगळं मागे टाकलं असा त्यांचा पक्का समज होता. वकीलसाहेबांशी त्यांची ओळख मोकळी होती. वकीलसाहेब इंदोऱ्यात येऊन त्यांच्या घरचा चहा पीत, लहानूजींच्या मुलीच्या लग्नात पंगतीला मांडी घालून जेवले होते, आणि 'लहानूजी, तुम्ही' याखेरीज त्यांच्या तोंडून कधी शब्द आला नव्हता.

तर त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एमजीचे मागचे दोन्ही शॉकअप गळून कोरडे पडले आणि नेमकी त्याच सुमारास वकीलसाहेबांच्या मणक्याची चकती सरकली. पुतण्या वसंत कळमेश्वरच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. त्याने हौसेने मुंबईहून एक परदेशी जोडी मागवली, रेसच्या गाड्यांना लावतात तसली. लहानूजींनी ती बसवली, पण कुरकुरत बसवली. वकीलसाहेब पहिल्याच रविवारी घरी आले ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "ही गाडी आता विका." वसंतने लगेच मुंबईचं एक हौशी गिऱ्हाईक गाठलं. ते पुढच्या रविवारी गाडी न्यायला येणार होतं.

वकीलसाहेबांनी हे लहानूजींना सांगितलं तेव्हा ते हसत होते, पण बोलताना त्यांचा हात गाडीच्या दारावरून मागेपुढे फिरत होता. लहानूजींना तो हात पाहवला नाही.

"रविवारले नऊ दिवस हायेत ना साहेब?" ते म्हणाले. "गाडी माह्याकडं आणून द्या. तुमच्या कमरेले कळणार नाही खाली रोड हाये का गादी, असं करून देतो. नाही झालं तं शेडवरचा बोर्ड उतरवून टाकीन."

वसंत तिथेच होता. बोर्डाचं त्याने ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लहानूजींनी शेडमधल्या लाकडी टेबलावर तीन जोड्या मांडल्या. वसंत पाहायला आला होता, खरं म्हणजे आपली जोडी का नाकारली हे ऐकायला आला होता.

"लहानूजी, ही स्पोर्ट्स कार आहे," तो म्हणाला. "तिला कडकच शॉकअप लागतात. रेसमध्ये वळणावर गाडी झुकली की..."

"रेस कुठं होऊन राहिली वसंतभाऊ? वकीलसाहेब तेलंगखेडीपावतर जातेत, भुट्टा खातेत आन वापस येतेत."

परदेशी जोडी त्यांनी कापडात गुंडाळून वसंतच्या हातात दिली. दुसरी जोडी एका देशी मोटारीची होती, लांब नळीची. ती चालली असती, पण तिच्यासाठी चेसीला नवे कान वेल्डिंग करावे लागले असते. सत्तावीस वर्षं कुणी हात न लावलेल्या चेसीला आग लावायला लहानूजींचं मन होईना. उरली तिसरी, गाडीची स्वतःची जुनी. ही नळी नव्हतीच. लोखंडाची मुठीएवढी डबी, तिला बाहेर एक दांडा, आत दट्ट्या आणि तेल. चाक उचललं की दांडा फिरतो, दट्ट्या तेलाला दाबतो आणि तेल बारीक भोकातून पलीकडे जातं. ते किती सावकाश जातं यावर सगळा गचका अवलंबून. लहानूजींनी डब्या उघडल्या, लेथवर नवा दांडा कातून-घासून घेतला, सील नवे घातले. "गाडीनं आपले सोबती आणूनच ठेवले होते. आपण खालीमुंडी करून दुकानं पालथी घालून राहिलो," ते वसंतला म्हणाले आणि एस.टी.च्या बसमध्ये घालतात तेच जाड तेल डब्यांत भरलं.

मग त्यांनी वर्कशॉपच्या पद्धतीने परीक्षा घेतली. कन्हानच्या रेतीची चार पोती गाडीत घातली. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब दिला. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. दुसऱ्या कोपऱ्यावरही तसंच. लहानूजींनी शर्टाची बाही तपासली. डाग नव्हता.

बुधवारी सकाळी ते गाडी घेऊन धरमपेठेला गेले. वकीलसाहेबांनी डाव्या सीटवर कोट ठेवला, गाडी सुरू केली आणि एक चक्कर मारायला गेले. लहानूजी फाटकापाशी हात मागे बांधून उभे राहिले. वीस मिनिटांनी गाडी आली.

"छान! फारच छान!" वकीलसाहेब म्हणाले. उतरताना त्यांनी आधी दार धरलं, मग फाटकाचा खांब धरला.

लहानूजींनी ते पाहिलं. त्यांनी टायरमधली हवा कमी केली आणि गुरुवारी पुन्हा आणली. पुन्हा वकीलसाहेब एकटे गेले, पुन्हा लहानूजी फाटकापाशी, पुन्हा "छान". शुक्रवारी दांड्यांचे रबर बदलून तिसऱ्यांदा आणली. तिसऱ्यांदाही "छान" मिळालं. वकीलसाहेब घरात गेले आणि सिंधूताई मागच्या दाराने घाईघाईने बाहेर आल्या.

"लहानूजी, ते खोटं बोलतात हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तिन्ही दिवस आत येऊन फरशीवर आडवे पडलेत. आता विकू द्या ती गाडी. तुम्ही तरी त्यांना सांगा."

लहानूजी गाडी घेऊन इंदोऱ्याला परतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गाडीत काय चुकलं ते सांगता येईना. दाबली की एकदा खाली, एकदा वर, शांत. मग माणूस आडवा का पडतो? बोर्डाची त्यांना फिकीर नव्हती असं नाही, पण दारावरून फिरणारा तो हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

अंगणात त्यांची आई तुळसाबाई सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. ऐंशी वर्षांची बाई, नजर मंदावलेली, जीभ मात्र शाबूत. पोराने चपला कशा काढल्या त्यावरून तिने ओळखलं.

"नाही जमलं ना गा?"

"शॉकअप बराबर हाये, माय. सारं बराबर हाये. आन तरी साहेबाची कंबर दुखते."

"तू बसला होता काय त्या गाडीत?"

"मी कसा बसन? दोनच सीटा हायेत."

"मंग? एकीवर वकील बसते. दुसरीवर कोण बसते?"

"त्याहिचा कोट असते."

तुळसाबाईने सूप खाली ठेवलं. "तुहा बाप बारा साल त्याहिच्या दमणीपुढं धावला. कोणतं चाक कुरकुरते ते धावता धावता आयकून सांगे. आत कधी बसला नाही. त्याचं समजते. त्याले बसू देत नव्हते. तुले कोणी मना केलं गा?"

कुणीच केलं नव्हतं. तेच लहानूजींना लागलं. कुणी मना केलं असतं तर ते भांडले असते, आणि जिंकलेही असते. बावीस वर्षं बसच्या मागच्या सीटवर हक्काने बसलेला माणूस, भैयाजींचा रिवाज सगळ्यांना शिकवणारा, तीन दिवस फाटकापाशी हात मागे बांधून उभा राहिला होता, आणि आपण उभे आहोत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना वकीलसाहेबांचा राग आला, त्या कोटाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

शनिवारी सकाळी त्यांनी पिशवीत पाने भरले, पातळ तेलाच्या दोन बाटल्या भरल्या आणि गाडी धरमपेठेला नेली. वकीलसाहेब बाहेर आले, कोट हातात. ते उजवीकडून बसले आणि सवयीने कोट डाव्या सीटवर टाकणार, तोच लहानूजींनी डावं दार उघडलं.

"आज मी बसतो, साहेब."

वकीलसाहेबांचा हात कोटासकट हवेतच राहिला. मग त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"लहानूजी," ते हळू म्हणाले, "इतक्या वर्षांत मी तुम्हाला बसा म्हटलंच नाही का?"

"मीबी नाही म्हटलं ना," लहानूजी म्हणाले. "चूक दोघांची हाये. चाला आता, कळमेश्वरच्या रोडनं घ्या. ट्रकाईनं लई चांगला खराब करून ठेवला हाये."

वकीलसाहेबांनी कोट मागे कोंबला आणि गाडी काढली.

शहर सुटलं तोपर्यंत लहानूजींनी डोळे मिटून घेतले होते. पहिला खड्डा आला. गाडी खाली गेली आणि वर आलीच नाही, निदान लवकर आली नाही. ती वर येतेय तोवर दुसरा खड्डा आला आणि ती आणखी खाली बसली. तिसऱ्याला चेसी थेट ॲक्सलवर आपटली आणि तो ठोका लहानूजींच्या मणक्यात असा शिरला की त्यांच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली.

"थांबवा साहेब!" ते ओरडले आणि हसायलाच लागले.

"काय झालं?"

"मी हिले बस समजलो होतो! साठ माणसं आन त्याहिचे गाठोडे धरून तेल भरलं, रेतीचे पोते टाकून पाह्यलं. शेडमधी एकच दाब देत होतो, त्याच्यात कसं कळन? इथं खड्डे एकामागं एक हायेत. तेल इतकं जाड हाये का हिले उठाले सवडच नाही भेटत. आन तुम्ही छान छान म्हणून राहिले!"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"मले वाईट वाटन म्हणून? साहेब, तुम्ही कोर्टात असेच खोटे बोलत असान तं तुमचे पक्षकार जेलातच असतीन."

वकीलसाहेब मोठ्याने हसले आणि लगेच कंबर धरून गप्प झाले.

रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली लहानूजींनी गाडी जॅकवर घेतली. दोन्ही डब्या खोलल्या, जाड तेल उपसलं आणि पातळ तेल मिसळून घालू लागले. थोडं घालायचं, दांडा हाताने फिरवून पाहायचा, मान हलवायची, पुन्हा थोडं घालायचं. हायकोर्टाचे वकील रुमाल अंथरून मातीत बसले होते आणि सांगितलं की बाटली पुढे करत होते. एका ट्रकवाल्याने वेग कमी करून हे दृश्य पाहून घेतलं. लहानूजींच्या शर्टावर छातीपाशी तेलाचा मोठा ओघळ आला. त्यांनी तो पाहिला आणि सोडून दिला.

परतताना तेच खड्डे होते. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी प्रत्येकात उतरली, प्रत्येकातून बाहेर आली आणि पुढच्यासाठी तयार राहिली. लहानूजींनी तीनदा गाडी मागे घ्यायला लावून पुन्हा त्याच खड्ड्यांवरून काढायला लावली. या खेपेला वकीलसाहेब छान म्हणाले नाहीत. ते नुसते गाडी चालवत राहिले, आणि धरमपेठेचा फाटा आला तरी वळले नाहीत.

पाऊण तासाने घरी आल्यावर ते कशालाही न धरता उतरले. सिंधूताई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग लहानूजींच्या शर्टाकडे पाहिलं आणि आत जाऊन दोघांसाठी चहा टाकला.

"वसंतला सांगतो, गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळव," वकीलसाहेब चहा पिताना म्हणाले. "उद्या आपण दोघं निमटोल्याला जाऊन येऊ. रामटेकवरून. पहिली फेरी आहे, तुमच्या रिवाजाप्रमाणे तुम्ही बसायलाच हवं."

लहानूजींनी कप खाली ठेवला.

"माह्यी फेरी झाली, साहेब," ते म्हणाले. "उद्या माह्या जागी मायले न्या."

रविवारी सकाळी इंदोऱ्यातली अर्धी गल्ली रस्त्यावर होती. तुळसाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून एमजीत बसली. वकीलसाहेबांनी स्वतः दार उघडून धरलं, तिच्या गुडघ्यांवर शाल टाकली. तिने एकदा सीटवर हात फिरवला, पदर कानामागे खोचला आणि "चाल बापा" म्हणाली. दोन सीटांच्या गाडीत लहानूजींना जागा नव्हती. ते रामटेकवरून निमटोल्याला जाणारी एस.टी. पकडून मागून निघाले, आणि सवयीने अगदी मागच्या सीटवर बसले. त्या बसचे शॉकअप पार गेलेले होते. पूर्ण वाटभर त्यांनी मनातल्या मनात वर्कशॉपमधल्या नव्या पोरांचा उद्धार केला.

निमटोल्याच्या पारापाशी ते पोचले तेव्हा हिरवी एमजी सावलीत उभी होती आणि भोवती गाव जमलं होतं. तुळसाबाई अजून गाडीतच बसून होती. वकीलसाहेबांनी लहानूजींना बाजूला घेऊन सांगितलं, की रामटेक सोडल्यावर तळ्याच्या पाळीपाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. सोनबा धावताना तिथे दम घ्यायला थांबत असत. ती उतरली नाही. गाडीतूनच थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं आणि चला म्हणाली.

लहानूजी गाडीपाशी गेले. शॉकअपवाल्याला जे विचारायचं असतं तेच त्यांनी विचारलं.

"माय, गचके लागले का वं?"

"एकबी नाही लागला गा," तुळसाबाई म्हणाली. "ह्या रस्त्याचे सारे गचके तुहा बापच खाऊन गेला."

लहानूजी गाडीच्या मागे गेले आणि शॉकअप पाहायला खाली वाकले. तेलाचा थेंबही कुठे गळत नव्हता. तरी ते बराच वेळ तसेच वाकून राहिले, कारण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि गाव सगळं समोर उभं होतं.